पावसाळ्यातलं भितरकनिका

भितरकनिकाला कधी जावं, असं कुणालाही विचारा. उत्तर येतं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चिखलावर ऊन खात पडलेल्या मगरी, उत्तरेकडून आलेली बदकं, कोरड्या पायवाटा, डास कमी. उत्तर बरोबरच आहे. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातलं हे राष्ट्रीय उद्यान १ मे ते ३१ जुलै पूर्ण बंद असतं, कारण खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा तो अंडी घालण्याचा काळ. १ ऑगस्टला फाटक उघडतं. पण तेव्हा ब्राह्मणी आणि वैतरणी फुगलेल्या असतात, पावसाचा नेम नसतो आणि बहुतेक पर्यटक पुरी-कोणार्क करून परत जातात.

आम्ही मुद्दाम ऑगस्टच निवडला, आणि तो मगरींसाठी नव्हे. बगगहन नावाच्या जागी पाणपक्ष्यांची प्रचंड वीण होते, ती पावसाळ्यातच. हिवाळ्यात जाणाऱ्याला तिथे रिकामी घरटी दिसतात.

आम्ही म्हणजे मी आणि मावशी. मावशी हर्णैची, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली. निवृत्तीनंतर तिचं सामान दोनच गोष्टींनी भरतं: दुर्बीण आणि औषधं. श्रावण संपत आला होता, गणपतीच्या आत परत यायचं होतं, आणि अमावास्या जवळ असल्यामुळे उधाणाची भरती मिळणार होती. ही शेवटची गोष्ट मावशीने तिकिटं काढायच्या आधी बघितली होती. खाडीकाठच्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

पहिला दिवस: भुवनेश्वर ते डांगमाळ

भुवनेश्वरहून सकाळी गाडी केली. कटकला महानदी ओलांडताना दोन्ही काठ भरून वाहत होती. अटकेपासून कटकेपर्यंत म्हणतात ते हेच कटक. १७५१ ते १८०३ इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. चालकाला हे सांगितलं तर तो थंडपणे म्हणाला, "हो, बर्गी." पूर्वेकडे मराठ्यांना या नावाने ओळखतात आणि ती काही कौतुकाची आठवण नाही. आम्ही विषय बदलला.

केंद्रपाड्यात थांबलो ते रसाबळीसाठी. छेन्याच्या चपट्या वड्या तळून घट्टसर आटवलेल्या दुधात सोडतात. बळदेवजीउच्या देवळातला हा नैवेद्य. तिथून पट्टामुंडाई, राजनगर करत खोल्याच्या फाटकावर पोचलो. ओळखपत्रं, परवाना, प्लास्टिकच्या पिशव्या आहेत का याची तपासणी. हिवाळ्यात इथे रांग असते म्हणे. आमच्या पुढे एक कुटुंब होतं आणि मागे कुणीच नव्हतं. परवाना देणाऱ्याने मावशीकडे पाहून विचारलं, "माउसी, आत्ता कशाला? थंडीत यायचं ना." पुढे हा प्रश्न आम्हाला नावाड्याने, स्वयंपाक्याने आणि एका बकरीवाल्यानेही विचारला.

खोल्यापासून डांगमाळपर्यंत होडीने जायचं. इकडे यांत्रिक होडीला भुटभुटी म्हणतात, आणि ती तसाच आवाज करते. खोल्याची खाडी अरुंद आहे; दोन्ही बाजूंनी खारफुटी वाकून आत आलेली. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचं, आणि चाखलं तर जवळजवळ गोडं. (चाखलं मावशीने. नावाड्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.) पावसाळ्यात नद्यांचं पाणी समुद्राला मागे रेटतं, त्यामुळे एरवी मचूळ असणाऱ्या खाड्या या दिवसांत गोड्या होतात.

झाडं ओळखण्यात तास गेला. तिवर आणि कांदळ घरचेच. गेवाही ओळखीचा, त्याचा चीक डोळ्यात गेला तर काय होतं हे मावशी लहानपणापासून जाणून होती. सुंदरी आणि हेंताळ मात्र तिला नवीन. हेंताळ म्हणजे दलदलीत वाढणारं, काटेरी, शिंदीच्या कुळातलं झाड; त्याची दाट बेटं काठाशी उभी असतात. मगरीची मादी याच हेंताळाची पानं, नेचे आणि लांब गवत ओढून आणून ढीग रचते आणि त्यात अंडी घालते. भारतातल्या मगरींच्या तीन जातींपैकी ढिगाचं घरटं करणारी ही एकटीच. सुसर आणि गोड्या पाण्यातली मगर जमिनीत खड्डा करतात.

ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलात निवट्या उड्या मारू लागल्या. मावशी खूश. "हर्णैला या खातात," असं तिने नावाड्याला हिंदीत समजावलं. त्याने विनम्रपणे मान हलवली. विश्वास बसला असं दिसलं नाही.

मगर? एक दिसली, म्हणजे तिचे डोळे आणि नाकपुड्या दिसल्या, आणि होडी वळेपर्यंत त्याही गेल्या. याचं कारण साधं आहे. मगरीला अंग गरम करायला ऊन लागतं. हिवाळ्यात पाणी थंड असतं, म्हणून ती ओहोटीला चिखलावर येऊन पडून राहते. ऑगस्टमध्ये पाणी उबदार, वर ढग, आणि चिखलाचा बराचसा भाग पुराने झाकलेला. तिने वर यावंच कशाला? वनखातंही मगरींची गणती जानेवारीत करतं ते याचसाठी. २०२४च्या गणतीत इथे १,८११ मगरी मोजल्या गेल्या. १९७५ साली डांगमाळला मगर प्रकल्प सुरू झाला तेव्हा हा आकडा शंभराच्या आसपास होता. रानातली अंडी आणून उबवायची, पिल्लं मोठी करायची आणि खाडीत सोडायची, असं ते काम.

या यशाची दुसरी बाजू डांगमाळच्या अलीकडेच दिसली. एका गावाच्या घाटावर बांबू आणि जाळीचं कुंपण थेट पाण्यात उतरवलेलं होतं, आणि त्या चौकोनाच्या आत बायका भांडी घासत होत्या. अभयारण्य ६७२ चौरस किलोमीटरचं, त्यातला १४५ चौरस किलोमीटरचा गाभा १९९८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. गाभ्याबाहेर गावंच गावं, आणि मगरीला नकाशा कळत नाही. आंघोळीला किंवा खेकड्यांना गेलेली माणसं मगरीने ओढून नेल्याच्या घटना इथे होत राहतात. प्राणिसंग्रहालयात प्राणी पिंजऱ्यात असतो. इथे आंघोळ करणारं माणूस पिंजऱ्यात होतं, आणि त्या बायका हसत गप्पा मारत होत्या.

रात्री विश्रामगृहात भात, डालमा आणि माशाचा झोळ. मावशीने श्रावण म्हणून मासा नाकारला. स्वयंपाक्याला नवल वाटलं, कारण ओडिशात मासे सोडायचे ते कार्तिकात. "श्रावणात मासा का नाही खायचा?" त्याने खरंच कुतूहलाने विचारलं. मावशीने माशांच्या विणीपासून सुरुवात करून पंधरा मिनिटांचा तास घेतला. तिच्या वाटचा झोळ मी संपवला.

दुसरा दिवस: बगगहन

पहाटे निघायचं ठरलं होतं, पण निघालो उशिरा, कारण नावाडी पाण्याची वाट बघत बसला. सुआजोरच्या खाडीत शिरायला भरती लागते. इथे घड्याळ नुसतं जवळ बाळगायचं.

खाडीच्या तोंडाशीच वास आला. विष्ठा, कुजके मासे आणि ओला पाला यांचा मिळून झालेला तो वास जिभेवर बसतो. मग आवाज. बेडकांसारखा, पण बेडूक नव्हेत. शेकडो पिल्लं एकाच वेळी भूक भूक करत असलेली. धक्क्यावर उतरून चिखलातून फळ्यांची पायवाट, दोन्ही बाजूंना श्वासमुळांचे खिळे वर आलेले. पाय घसरला तर आधाराला हात कुठे टेकायचा हा प्रश्नच होता. मावशीने जाड काठी आणली होती, मी नव्हती आणली.

मनोऱ्यावर चढलो आणि काही वेळ दोघंही नोंदवहीला हात न लावता बघत राहिलो. झाडांचे शेंडे पांढरे होते. नजर जाईल तिथपर्यंत घरटी, घरट्यांवर घरटी. सर्वांत जास्त मुग्धबलाक, म्हणजे तो चोच मिटली तरी मधे फट राहणारा करकोचा. ही फट गोगलगायी धरण्यासाठी. भोवतालच्या भातशेतीत पावसाळ्यात गोगलगायींची चंगळ असते, म्हणूनच याची वीण पावसाळ्यात. पिल्लं मोठी होईपर्यंत आईबाप शेतातून भरल्या पोटी येतात आणि घरट्यात सगळं ओकून टाकतात. पिल्लं त्यावर तुटून पडतात. एका घरट्यातल्या तिघांपैकी धाकट्याला काहीच मिळत नव्हतं. मावशीने त्याच्यावर बराच वेळ दुर्बीण धरली. मग म्हणाली, "नाही जगायचं ते," आणि दुसऱ्या झाडाकडे वळली.

घरट्यांना मजले असतात हे पुस्तकात वाचलं होतं, इथे ते उघड दिसत होतं. शेंड्यावर मुग्धबलाक आणि राखी बगळे. मधल्या फांद्यांवर मोठे आणि मध्यम बगळे, त्यांच्या पाठीवर विणीच्या काळातली झालर अजून थोडी शिल्लक. त्याखाली रातबगळे आणि छोटे पाणकावळे. सर्पपक्ष्यांची पिल्लं कापसासारखी पांढरी, मान मात्र आत्तापासून वाकडी. कुदळे थोडे दूर, आपला वेगळा गट करून. वनखात्याच्या गणतीत भितरकनिकातल्या अशा वसाहतींमधल्या पक्ष्यांचा आकडा मिळून लाखाच्या पुढे गेलेला आहे. आम्ही मोजायचा प्रयत्नही केला नाही.

मला जास्त वेळ खाली बघावंसं वाटलं. वर एवढी गर्दी, तर खाली पडणारंही खूप. एक पाणघोरपड, शेपूट धरून माणसाएवढी लांब, मुळांमधून सावकाश चालत होती. ती कशासाठी फिरते हे कळायला वेळ लागला नाही. बगळ्याचं एक पिल्लू खालच्या फांदीवरून पडलं आणि चिखलात धडपडत उठलं. घोरपड अजिबात घाई न करता तिथे गेली. पलीकडच्या पाण्यात अधूनमधून संथ वलयं उठत होती. पहारेकऱ्याने बोट दाखवलं: मगर. दिवसभर तिथेच असते, पिल्लू पाण्यात पडायची वाट बघत.

पक्षी इथेच का येतात, याचं उत्तरही त्या पाण्यातच आहे. दलदल आणि मगरी यांच्यामुळे माकडं, मांजरं, माणसं या झाडांकडे सहजी येत नाहीत. भाडं म्हणून थोडी पिल्लं जातात.

दुपारी पाऊस आला, आडवा. मनोऱ्याला छत होतं, पण उपयोग नव्हता. समोर घरट्यांवर मुग्धबलाक पंख अर्धवट पसरून पिल्लांवर उभे राहिले, झाडभर एकाच पवित्र्यात. माझा कॅमेरा पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. त्यामुळे या दिवसाचे फोटो जवळपास नाहीत, आणि जे आहेत त्यात राखाडी पार्श्वभूमीवर राखाडी ठिपके आहेत.

परतताना, एका अगदी अरुंद फाट्यावर, नावाड्याने अचानक इंजिन बंद केलं. काठाच्या मुळांवर वीतभर लांबीची, पिवळसर अंगावर काळे ठिपके असलेली पिल्लं बसली होती. मगरीची, नुकती फुटलेली. दहाएक असतील. आई दिसत नव्हती, याचा अर्थ ती जवळच होती. अंड्यातून आवाज आला की ती ढीग उकरते, पिल्लांना तोंडात धरून पाण्यावर आणते आणि मग काही काळ राखण करते. तरीही त्यातली फार थोडी मोठी होतात. घोरपड, बगळे, मोठ्या मगरी, सगळे गिऱ्हाईक. बगगहनचे बगळे याच खाडीवरून उडत जात होते. नावाड्याने बांबूने होडी मागे रेटली, बराच मागे, आणि मगच इंजिन सुरू केलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हिवाळ्यात आलेल्यांना हे दिसत नाही. चिखलावरची अठरा-वीस फुटी मगर त्यांना दिसते, फोटोही छान येतो. मला विचाराल तर ही मुळांवरची पिल्लं मी त्या फोटोशी बदलणार नाही.

तिसरा दिवस: बेटावरची पायवाट आणि गोरी

आज समुद्राकडे, हबलीखाटीच्या किनाऱ्याकडे, जायचा विचार होता. नावाड्याने मुखाकडच्या लाटांचं वर्णन करून तो मोडून काढला. तिकडचा गहिरमाथा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या सामूहिक विणीसाठी प्रसिद्ध आहे, पण तीही हिवाळा सरताना होते. ऑगस्टमध्ये तिथे वारा सोडून काही मिळालं नसतं. मावशीला मात्र त्या किनाऱ्याला पाय लावायचे होते, आणि कारण घरचं होतं. १८ मार्च २०२१ला गहिरमाथ्यात एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी बसवली होती. तीच मादी जानेवारी २०२५मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. द्वीपकल्पाला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिमेला येऊन वीण करतं, हे तोवर असं हातात पट्टी घेऊन कुणी पाहिलं नव्हतं. मावशीने हे नावाड्याला सांगितलं. या वेळी त्याचा विश्वास बसला. गुहागर कुठे, तिथे कासवांना कोण सांभाळतं, तिथेही ट्रॉलर येतात का, असं बरंच विचारलं त्याने.

मग डांगमाळसमोरच्या बेटावरची पायवाट. कनिकाच्या राजांचं हे शिकारीचं रान. त्यांचा शिकारीचा मनोरा अजून उभा आहे, शेजारी प्राण्यांना भुलवायला केलेलं पाणवठ्याचं तळं. आता मनोऱ्याच्या विटांत पिंपळ उगवलाय. चितळांचा कळप वाटेवर होता, गुडघाभर चिखलात. एक सांबर. रानडुकराच्या उकरलेल्या खुणा. पाणमांजरांची विष्ठा, माशांच्या खवल्यांनी चमकणारी. स्वतः पाणमांजर नाही.

खंड्यांसाठी ही जागा नावाजलेली आहे: आठ जाती. तपकिरी पंखांचा, मोठ्या लाल चोचीचा खंड्या अगदी पायवाटेवरच्या फांदीवर होता. हा खारफुटीचा रहिवासी, कोकणात नाही. काळ्या टोपीचा आणि गळपट्ट्याचाही मिळाला. तांबूस खंड्या मिळाला नाही, तो सहसा मिळतच नाही.

आणि नवरंग. खारफुटीत राहणारा नवरंग, हिरवी पाठ, खाली तांबूस, पंखावर निळा झगमगाट. उन्हाळ्यात तो सारखा ओरडतो, ऑगस्टअखेर गप्प होत आलेला असतो. एकदा ओरडला. दोन स्वरांची ती शीळ अगदी जवळून आली. आम्ही डासांच्या ढगात न हलता उभे राहिलो. मी आधी हरलो, मावशी अजून बराच वेळ उभी होती. पुन्हा काही आवाज आला नाही.

संध्याकाळी डांगमाळचं संग्रहालय आणि प्रकल्पाची तळी. कुंपणात गोरी आहे, फिकट रंगाची, पांढुरकी मगर. प्रकल्प सुरू झाला त्या काळी रानातल्या अंड्यातून इथेच जन्मली. जोडीला नर सोडला होता, तर झटापटीत तिचा एक डोळा गेला, तेव्हापासून एकटी. तिला रानात सोडली असती तर त्या रंगामुळे ती लपून शिकार करू शकली नसती, हे खरं. तरी पन्नास वर्षं एका तळ्यात.

चौथा दिवस: बागपतिया मार्गे परत

परतीच्या वाटेवर बागपतियाला गेलो. इथे सातभायाचे लोक राहतात. सातभाया म्हणजे किनाऱ्यावरच्या गावांचा समूह. समुद्राने तो एकेक करून गिळला. शेवटी सरकारने लोकांना आत आणून वसवलं. २०१८मध्ये पंचुबराही देवीच्या पाच मूर्तीही इकडे आणल्या. या देवीची पूजा परंपरेने मासेमार समाजातल्या विवाहित बायकाच करतात आणि पुरुषांनी मूर्तीला शिवायचं नाही असा दंडक. पण मूर्ती एवढ्या जड की पुरुषांना हात लावू देण्यावाचून इलाज नव्हता. नंतर शुद्धी करून कारभार परत बायकांकडे. देवळात एक पुजारीण होती. तिने आम्हाला प्रसाद दिला आणि समुद्र बघायला आलात का, असं विचारलं. मावशी म्हणाली, पक्षी बघायला. तिला ते पटलं नसावं.

घरं सरळ रांगेत, पत्र्याची आणि सिमेंटची. अंगणात जाळी सुकत होती, पण समुद्र इथून लांब. या पट्ट्यातच २०२४च्या ऑक्टोबरात 'दाना' चक्रीवादळ जमिनीवर आलं, हबलीखाटी आणि धामरा यांच्या मधे. १९९९च्या महावादळानंतर केंद्रपाड्यात झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की ज्या गावांपुढे खारफुटीचा पट्टा रुंद, तिथे माणसं कमी दगावली. जंगलाच्या आतल्या गावातला नावाडी हे अभ्यास न वाचता सांगतो. त्याच्या घाटावर मगरीचं कुंपण आहे आणि तरी तो म्हणतो, जंगल हवं.

पट्टामुंडाईच्या अलीकडे रस्त्यावरून पाणी वाहत होतं. चालक उतरला, चालत पलीकडे जाऊन आला, आणि मग हळूहळू गाडी काढली. ऑगस्टमध्ये येणाऱ्याने परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. आम्ही ठेवला होता, आणि त्यातला बराचसा केंद्रपाड्यात पुन्हा रसाबळी खाण्यात गेला. एवढं मात्र नक्की सांगतो: मगरींसाठी यायचं असेल तर जानेवारी गाठा. बाकी सामानात गुडघ्यापर्यंतचे बूट, ओडोमॉस भरपूर, आणि दुर्बीण जलरोधक.

रसाबळीच्या दुकानात मावशी पक्ष्यांची यादी पूर्ण करत बसली. नवरंग लिहिला नाही. मी म्हटलं, आवाज ऐकलाय की आपण, ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी करायच्या त्या संकेतस्थळावर, ऐकलेलाही चालतो.

"ई-बर्डला चालत असेल," ती म्हणाली.

आता ती एप्रिलमध्ये यायचं म्हणते. तेव्हा नवरंग दिवसभर ओरडतो. उद्यान बंद व्हायच्या आधीचा शेवटचा महिना, ऊन भाजून काढणारं, हवेत पाणी, पर्यटक पुन्हा नाहीत. तिकिटाचे दर तिने रसाबळी संपायच्या आत फोनवर बघितले.